गजीतला थांबा

सिदू येडग्यांनी एक डोळा मिटला, दुसरा कॅमेऱ्याच्या भोकाला लावला, कानात मी दिलेली ऐकायची नळी खुपसली आणि खालच्या वस्तीच्या नाचाचं चित्रण बघू लागले. आम्ही वरच्या वस्तीवर लिंबाच्या सावलीत बसलो होतो. त्यांची मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या पोटाखाली सावली शोधत होती.

"काय वाटतं बघून?" मी विचारलं.

"ढोल ढिला हाय."

मी लिहून घेतलं. "आणखी?"

"म्हातारा झालाय."

"ढोल?"

"ढोल कशाला म्हातारा हुईल? ढोलाचं चामडं बदलता येतं." त्यांनी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्येला इचारा, डावा खांदा दुखतोय का. पट्टा उजवीकडं वढून घेतलाय त्येनं."

"कुणाला विचारू?"

"वाजिवणाऱ्याला."

"त्यांचं नाव काय?"

"नाव मला ठावं न्हाई."

नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. ढोल वाजवणारा म्हाकू मोटे हा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी फक्त वहीत लिहिलं : वादकाच्या शारीरिक स्थितीविषयी नर्तकाचं निरीक्षण अत्यंत सूक्ष्म.

हँडीकॅम नवीन होते त्या काळातली ही गोष्ट. मी पुण्याहून येडगेवाडीला आले होते ती गजीवर प्रबंध लिहायला. गजी म्हणजे धनगरांचा नाच. पांढरे घोळदार झगे, लाल फेटे, दोन्ही हातांत रंगीत रुमाल, मध्ये ढोल आणि भोवती पुरुषांचं रिंगण. नाच पुष्कळ गावांत होता. येडगेवाडीचं वैशिष्ट्य असं, की एका एवढ्याशा गावात गजीची दोन मंडळं होती आणि दोघांचा ढंग वेगळा होता. नाच रंगात आला की एका ठिकाणी वरच्या वस्तीचे लोक ढोलाच्या आधीच उडी मारून पुढं जात. त्याच ठिकाणी खालच्या वस्तीचे ढोल असा काही घुमवत, की पाय टाकायला जागाच उरू नये. माझे मार्गदर्शक डॉ. मेहेंदळे यांचं म्हणणं असं, की वरचा ढंग कर्नाटकातून आला, खालचा देशावरचा, आणि दोन्हींत काही शतकांचं अंतर आहे. त्यावर माझं तिसरं प्रकरण उभं राहायचं होतं.

पद्धतही त्यांनीच आखून दिली होती. एका मंडळाचं चित्रण दुसऱ्याला दाखवायचं, त्यांचं म्हणणं टिपायचं, मग ते म्हणणं पहिल्यांना सांगून त्यांचं उत्तर टिपायचं. आपण मध्ये पडायचं नाही. "वासंती, संशोधक म्हणजे पाल," ते निघताना म्हणाले होते. "भिंतीवर असायचं, पण चुकचुकायचं नाही."

मी उतरले होते खालच्या वस्तीवर, म्हाकू मोट्यांच्याच घरी. घर त्यांचं असलं तरी चालवायची हौसाक्का. उंच, सडसडीत बाई. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणारी. मला हुलग्याचं माडगं आवडतं असं पहिल्या दिवशी मी भीडेखातर म्हणाले, आणि पुढं रोज मला ते मिळत गेलं.

संध्याकाळी मी म्हाकू मोट्यांना विचारलं, "तुमचा डावा खांदा दुखतो का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. "कुणी सांगितलं?"

"चित्रण पाहून एका नर्तकाचं निरीक्षण आहे."

"कंच्या नर्तकाचं?"

"नाव सांगता येत नाही."

"सांगू नका. त्येला म्हणावं, खांदा दुखंल न्हायतर गळून पडंल, हात चालतोय. आन् इचारा, उडी मारताना पयलं धा हात जायचा, आता दोन हातावर कसा पडतोय."

हौसाक्का चुलीपुढं बसली होती. ती भाकरी उलटत म्हणाली, "आन् काय काय म्हणला त्यो?"

"कोण?"

"त्योच. ज्येचं नाव सांगता येत न्हाई."

असे काही दिवस गेले. मी सकाळी वर, दुपारी खाली. वर विचारायचे, खांद्याला काय लावता. खाली उत्तर मिळायचं, लावायची गरज न्हाई. खाली विचारायचे, उडी का आखडली. वर उत्तर मिळायचं, गुडघ्यात वात हाय पर त्येला सांगू नका. माझी वही भरत चालली. डॉ. मेहेंदळ्यांना मी एसटीडीवरून कळवलं की माहिती विपुल मिळते आहे, फक्त नाचापेक्षा सांध्यांविषयी जास्त आहे. ते म्हणाले, देहभान हा स्वतंत्र विषय आहे, नोंदवत राहा.

मग मी वंशावळ काढायला घेतली. क्षेत्रकार्यात ती काढावीच लागते. मोठा कागद अंथरला, एका बाजूला येडगे लिहिले, दुसऱ्या बाजूला मोटे, आणि हौसाक्काला विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"हितलंच."

"म्हणजे?"

तिनं ओल्या हातानं वरच्या वस्तीकडं दाखवलं. "त्यो सिदू माझा थोरला भाऊ. तिकडं रेघ वढा."

मी रेघ ओढली. ती कागदाच्या मधून आडवी गेली आणि दोन्ही बाजू जोडून मोकळी झाली.

"हौसाक्का, इतके दिवस तुम्ही बोलला नाहीत."

"तुमी इचारलं न्हाई. तुमी इचारलं ढोल कसला, झगा कसला, रुमाल कंच्या रंगाचा."

"ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत?"

"बोलत्यात की आता. तुमी आल्यापासनं."

त्या संध्याकाळी मी कागद गुंडाळून ठेवला आणि माझी आधीची वही पुन्हा वाचली. ती वेगळ्याच विषयावरची वही निघाली.

दुसऱ्या दिवसापासून हौसाक्का मला प्रश्न देऊ लागली. मी वर निघाले, की हात पुसत दारापर्यंत यायची. "त्येला इचारा, लग्नातली गजी येगळी असती का जत्रंतली."

प्रश्न अभ्यासाला धरून होता. मी विचारला.

सिदू येडगे मेंढीच्या पायातला काटा काढत होते. "कुणाच्या लग्नातली?"

"सर्वसाधारण."

"सर्वसादारन लगीन कवा आसतंय? कुणाचं तरी आसतंय."

मला ठाऊक होतं कुणाचं. म्हाकू मोट्यांच्या मुलीचं, शालनचं, लग्न महिन्यावर आलं होतं. घराला सारवण झालं होतं, पापड वाळत होते. लग्नात नवरीला मामानं मांडवात आणायचं आणि अंतरपाटापाशी तिच्या मागं उभं राहायचं. शालनला मामा एकच होता, आणि तो माझ्यासमोर बसून मेंढीचा पाय तपासत होता.

"गजी सारखीच," ते म्हणाले. "पर नाचणाऱ्याला बोलवावं लागतं."

मी हे उत्तर खाली आणलं. हौसाक्कानं ते ऐकलं, सूप हाती घेतलं आणि तांदूळ पाखडत राहिली. म्हाकू मोटे ओसरीवर ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. त्यांनीही ऐकलं. त्या दिवशी दोऱ्या गरजेपेक्षा जास्त ताणल्या गेल्या.

मग एका दुपारी, पापड आत घेताना, हौसाक्कानं मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"शालन तवा भिताडाला धरून चालत हुती. बिरोबाची जत्रा. एकच गजी हुती तवा, म्होरं आमचा दादा आन् ढोलावर ह्ये. लांबलांबची गावं बघायला यायची. दादाचं पाय जिमिनीला लागत न्हायती असं म्हणायची लोकं. आन् ऐन रंगात, देवाच्या म्होरं, दादा पडला. फेटा घरंगळत गेला पालखीखाली. दादा म्हणला, ढोल थांबला म्हणून पडलो. ह्ये काय बोललंच न्हाईत. दादा म्हणला, मुद्दाम थांबला. तवाबी बोललं न्हाईत. दुसऱ्या वर्सी दोन गजी झाल्या."

"आणि ती उडी? वरच्या वस्तीची?"

"त्येच ठिकाण की. दादा त्या जागंवर ढोलाची वाटच बघत न्हाई. आदीच उडतो."

"आणि खालच्या वस्तीचा घुमवलेला ढोल?"

"तितं कुणी पडू नये म्हणून वाजिवत्यात ह्ये. जागाच ठेवत न्हाईत."

मी पापडाची पाटी खाली ठेवली. दोन ढंगांमध्ये काही शतकांचं नव्हे, शालनच्या पावलांपासून तिच्या लग्नापर्यंतचं अंतर होतं. मी तालुक्याला जाऊन डॉ. मेहेंदळ्यांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"ही स्थानिक दंतकथा असू शकते," ते म्हणाले.

"सर, ती त्यांची बहीण आहे. आणि बायको आहे."

"तरीही. पडताळणी कर. आणि वासंती, मध्ये पडू नकोस."

पडताळणी करायची तर म्हाकू मोट्यांनाच विचारायला हवं होतं. मी कॅमेरा लावला. ते ओसरीवर ढोलामागं बसले, फेटा नीट केला. हौसाक्का आत चुलीपाशी होती. दारातून तिची पाठ दिसत होती.

"जत्रेत सिदू येडगे पडले, तेव्हा ढोल थांबला होता का?"

इतका थेट प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. त्यांनी दोरी चाचपली. वाटलं, उठून जातील.

"थांबला हुता," ते म्हणाले.

"का?"

"त्येचा पाय वाकडा पडल्याला मला दिसला. मी त्येच्या पायाकडंच बगायचो वाजिवताना. पाय मुडपला, आन् माजा हात थांबला. लोकास्नी वाटलं हात थांबला म्हणून पडला. आदी पाय, मग हात."

"मग तुम्ही तसं सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? चारचौगात म्हणायचं, तूच चुकलास? देवाम्होरं पडल्याला माणूस. वरनं आनि मी म्हणायचं?" ते थांबले. "त्यो म्हणला मुद्दाम. मला वाटलं, ह्येला म्या ठावं न्हाई व्हय? मेव्हणा पडत आसताना हात चालवायचा व्हय मी? ह्ये का सांगायला लागतं?"

आत काहीही वाजत नव्हतं. चुलीवरचं पाणी उतू गेल्याचा वास आला.

"ह्ये त्येला दाखवायचं न्हाई," म्हाकू मोटे म्हणाले. "तुमच्या पुस्तकात घाला. त्येला दाखवायचं न्हाई."

मी शब्द दिला. माहिती देणाऱ्यानं मनाई केली, तर चित्रण कुणालाही दाखवायचं नाही, हा आमच्या शास्त्रातला मोठा नियम आहे. मी टेप मागं घेऊन मुलाखत नीट आली आहे का ते पाहिलं, पुन्हा मागं घेतली, कॅमेरा पिशवीत ठेवला आणि विहिरीवर कपडे घेऊन गेले. जाताना हौसाक्काकडं बघवेना. तिला मुलगी उजवायची होती, माझ्या पिशवीत तिच्या भावाला हवं असलेलं वाक्य होतं, आणि मी त्यावर शास्त्र घेऊन बसले होते. पिळलेलं पातळ मी पुन्हा पाण्यात बुडवलं आणि पुन्हा पिळलं.

परत आले तेव्हा ओसरीवर पिशवी होती. ती चपटी पडली होती.

"तुमची आई कुठं आहे?" मी शालनला विचारलं.

"मामाकडं गेली," ती म्हणाली. तिनं हा शब्द उच्चारलेला मी प्रथमच ऐकत होते.

मी चढावर पळत गेले. लिंबाखाली सिदू येडगे उकिडवे बसले होते. एक डोळा मिटलेला, दुसरा भोकाला, कानात नळी. कॅमेरा हौसाक्कानं दोन्ही हातांनी धरला होता, अगदी बरोबर, मी धरते तसा. बटणं कशी दाबायची हे तिनं इतक्या दिवसांत मला बघूनच उचललं होतं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी दावलं न्हाई. म्या दावलं. तुमचा शबुद ऱ्हायला."

मी तिथंच दगडावर बसले.

सिदू येडगे हलले नाहीत. चित्रण संपल्याचं मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"पुन्ना लाव," ते म्हणाले.

हौसाक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी कॅमेरा घेऊन टेप मागं केली आणि बटण दाबलं. त्यांनी पुन्हा ऐकलं. मध्येच बॅटरी संपली. भोकात अंधार झाला, तरी ते डोळा लावून बसले होते.

"एवढंच हुतं तर बोलला का न्हाई?" शेवटी ते म्हणाले.

"तू इचारलं व्हतंस का?"

"मी कशाला इचारू? पडल्याला मी."

"तर मग."

एक मेंढी खोकली. सिदू येडग्यांनी कानातली नळी काढून धोतराला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"पाय मुडपला न्हवता," ते मला म्हणाले. "खडा हुता खाली. त्ये ल्ह्या."

मी लिहिलं.

"लगीन कवा हाय?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"तुला ठावं हाय कवा हाय."

"मला कुणी बोलावलं न्हाई."

हौसाक्का पदर खोचत उठली. "येतील बोलवायला," एवढंच म्हणाली.

खाली म्हाकू मोटे ओसरीवर उभे होते. शालननं सांगितलं असावं. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बघून ते म्हणाले, "बाई, दाखवायचं न्हाई म्हणलं हुतं."

"मी—"

"म्या दावलं," हौसाक्का म्हणाली. "रागवायचं तर माज्यावर रागवा. आन् रागवून झालं की वर जावा. अक्षता देवळीत ठिवल्यात."

मला वाटलं, आता या घरात माझं शेवटचं जेवण झालं. म्हाकू मोट्यांनी बायकोकडं पाहिलं, बराच वेळ. ती तांदळातले खडे काढायला बसली होती. मग त्यांनी खुंटीवरचं घोंगडं काढून उजव्या खांद्यावर टाकलं, देवळीतल्या अक्षता घेतल्या आणि चढाला लागले.

त्या भेटीची माझ्याकडं कोणतीही नोंद नाही. बॅटरी चार्जिंगला लावली होती, आणि माझं तिथं जाणं कुणाला सुचलंही नाही. दिवस मावळायच्या आत ते परत आले. जेवताना हौसाक्कानं विचारलं, "काय म्हणला दादा?"

"खांद्याला निरगुडीचा पाला बांदा म्हणला."

"आन्?"

"आन् काय? बांदतो म्हणलं."

लग्नाच्या दिवशी सिदू येडगे पांढऱ्या झग्यात, लाल फेट्यात आले. शालनला त्यांनी मांडवात आणलं आणि तिच्या मागं असे ताठ उभे राहिले, की भटजींनी त्यांना दोनदा सांगितलं, जरा बाजूला व्हा, नवरी दिसत नाही. अक्षता पडल्या. मग अंगणात रिंगण धरलं, वरच्या आणि खालच्या वस्तीचं एकच. बऱ्याच जणांना एकमेकांच्या रुमालांशी जुळवून घेता येईना, म्हातारे तेवढे सरसर फिरत होते. मध्ये ढोल, पुढं सिदू येडगे. वात आलेल्या गुडघ्यांनी तो माणूस जमिनीवरून जसा उचलला जात होता, ते मी कॅमेऱ्यातून बघत होते आणि बघता बघता मला दिसेनासं झालं. मी भिंग पुसलं. भिंग स्वच्छ होतं.

आणि ते ठिकाण आलं.

सिदू येडग्यांनी उडी मारली नाही. ढोलासाठी थांबले. म्हाकू मोट्यांनी ढोल घुमवला नाही. पायासाठी थांबले. एकाचा पाय वर, दुसऱ्याचा हात वर, आणि सगळं रिंगण जागच्या जागी. कुणालाच कळेना पुढं कुणी जायचं. वऱ्हाडी गप्प झाले. मांडवाच्या झालरी तेवढ्या हलत होत्या. दोघं एकमेकांकडं बघत होते, आणि दोघांपैकी एकालाही घाई नव्हती.

"दाजी, टाका," सिदू येडगे म्हणाले.

"तू टाक आदी."

हौसाक्का पंक्तीला वाढायचं भांडं घेऊन उभी होती. "कुणीबी टाका," ती म्हणाली. "लोकं उपाशी हायती."

पाय आणि हात एकदमच पडले.

माझं तिसरं प्रकरण गेलं. एका गावातल्या दोन ढंगांपैकी एकही उरला नाही, आणि तो कसा गेला हे लिहायला मी बसले तेव्हा डॉ. मेहेंदळ्यांनी कागदावरून चष्मा काढून विचारलं, "तू मध्ये पडलीस?" मी म्हटलं, मला तिथं भिंतच सापडली नाही. त्यांनी प्रबंधाचं नाव बदलायला सांगितलं. नात्यागोत्यांवरचा प्रबंध म्हणून तो मंजूर झाला. गजी त्यात परिशिष्टात आहे.

नंतर मी विद्यापीठात शिकवू लागले, केस पांढरे झाले. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी, देवयानी, क्षेत्रकार्याहून परतली ती फार उत्साहात. येडगेवाडीला मीच पाठवलं होतं, पण काही सांगितलं नव्हतं. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. अंगणात तरुण पोरांचं मोठं रिंगण, ढोल, रुमाल. आणि ऐन रंगात सगळे एकदम थांबले. पाय वर, हात वर. मग एकदम पडले.

"मॅडम, हा थांबा आसपासच्या कुठल्याच गजीत नाही," देवयानी म्हणाली. "मला वाटतं हे बिरोबाचं आवाहन आहे. नाद थांबतो, तेवढ्यात देव रिंगणात येतो."

"तू तिथल्या लोकांना विचारलंस?"

"विचारलं. मंडळाचे दोन म्हातारे आहेत, कट्ट्यावर बसतात. एकाच्या खांद्याला पाला बांधलेला असतो. ते म्हणाले, परंपरेनं असंच चालत आलंय."

"दोघांपैकी कोण म्हणालं?"

तिनं आठवून पाहिलं.

"आधी दोघं एकमेकांकडं बघत बसले," ती म्हणाली. "मग एकदमच म्हणाले."